एसटीत स्वर घोटणारी पोर

अगो नाती, जरा कान इकडे कर. फोनवर अर्धे शब्द गिळतेस नि मला मेलीला दोनदोनदा "काय?" विचारायला लावतेस!

परवा जयगडहून येताना एसटीत शेजारी एक पोर बसली होती. 'उ' म्हणताना ओठांचा चंबू होऊ नये म्हणून ओठांवर बोट धरायची. लांब स्वर आला की तो किती लांबवायचा ते मोजायला अंगठा पुढच्या पेरावर सरकवायची.

"कसला गो जप?" मी विचारलं.

"जपानी शिकतेय, आजी. आज तोंडी परीक्षा. पास झाले तर जपानातल्या वृद्धाश्रमात नोकरी."

"मग एका स्वराचा एवढा घोळ?"

"तिथली माणसं म्हातारी, कानांनी अधू. मी स्वर आखूड केला नि त्यांना दोनदा विचारावं लागलं, तर ती कसली सेवा?"

ऊर भरून आला बघ. आपल्या खाडीकाठची पोर ती! रत्नागिरीला उतरताना म्हणाली, "येते हां, आजी." गाडीच्या घरघरीतही मला पहिल्या खेपेला ऐकू आलं. तिकडे पास झाली की नाही ठाऊक नाही, माझ्या लेखी झाली.

तू ये गो लवकर. समोर बसून तूही तशीच सावकाश बोल.