निवडुंग म्हंजे निवडुंग

त्याचं नाव मी तोंडातून काढत नाही. निजामाच्या राजवटीत, जुन्या जालन्यात, तो मापाडी आमच्या शेजारी राहायचा. बाजारात मूठभर ज्वारीसाठी भांडणारा हा माणूस गल्लीत मात्र फुकट औषधं वाटायचा. कुणी शंका काढली की मान हलवत म्हणायचा, "बराबर हाय, बिलकुल बराबर हाय."

वहिनीचे डोळे आले तेव्हा त्यानंच निवडुंग ठेचून पापण्यांवर बांधला. उपाय फड्या निवडुंगाचा. त्याला चीक नसतो. यानं तोडला आमच्या कुंपणाचा, त्रिधारी, दुधासारखा चीक गळणारा. नाव एक असलं तरी ही दोन झाडं एकमेकांची सोयरीसुद्धा नाहीत. फड्याचं पिवळं फूल लांबून दिसतं. त्रिधारीचं जवळ जाऊन शोधावं लागतं. पण बघतो कोण?

वहिनीचा उजवा डोळा कायमचा गेला.

मी त्याच्या दारात उभा राहून ओरडलो. तो सुपारी कातरत बसला होता.

"मास्तर, निवडुंग म्हंजे निवडुंग. त्यात फरक न्हाई. तिच्या नशिबात आल्तं, मंग मी काय करू?"

त्याच्या मागे शेळ्यांचा वाडा होता. चारी बाजूंनी कुंपण, सगळं फड्याचं. त्रिधारीचं एक खोड नव्हतं.

"मग इथं फड्याच का लावलास?"

अडकित्ता न थांबवता तो म्हणाला, "त्या दुसऱ्या निवडुंगाच्या चिकानं शेळ्यांचे डोळे जातेत ना!"