ओल्या हातांचे ठसे

आई दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात, संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात परिचारिका होती. गणवेश ती तिथेच बदलून येई. पण वॉर्ड आणि बस यांचा संसर्ग हातांवर उरतोच, असे तिचे मत होते. नोएडाला घरी पोचली, की मी दार उघडून बाजूला व्हायचे. हात अंगापासून दूर धरून ती थेट न्हाणीघरात जाई. तिथे झाकणाची एक बादली केवळ तिच्यासाठी भरलेली असे. बोटांच्या बेचक्या, नखे, मनगटे, कोपरे. मग तिचा स्वतंत्र पंचा. हात पूर्ण कोरडे होईपर्यंत तिला बिलगण्याची मुभा नव्हती.

आमचे सेक्टर तेव्हा नवे होते. शेजारचे फ्लॅट कुलूपबंद, पाणी दिवसातून दोनदा. सूक्ष्मजीवशास्त्राला प्रवेश मिळाला त्या दुपारी आनंदाच्या भरात मी डोक्यावरून न्हायले आणि आईची बादलीही रिती केली.

ती आली तेव्हा प्रवेशाची पावती मी दारातच तिच्यासमोर धरली. हात पाठीमागे बांधून तिने ती दोनदा वाचली.

“पण आई, बादली रिकामी आहे.”

“आणि पिंप?”

“तेही.”

“शाब्बास! जंतूंचा अभ्यास करायला निघालीस आणि आईलाच जंतूंसकट जिन्यात उभं केलंस. चलो, आता तिथूनच सांग सगळं.”

पाणी यायला तासभर अवकाश होता. ती जिन्यात, मी उंबऱ्याच्या आत. बोलता बोलता तिचे हात पुढे येत आणि अर्ध्यावरून परत जात. मला तेव्हा पावतीपेक्षा ते हात हवे होते.

अखेर नळ खरखरला. ती आत धावली. धुण्यातली एकही पायरी तिने गाळली नाही. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. पंच्यासाठी मात्र ती थांबली नाही. निथळत्या हातांनीच तिने मला जवळ घेतले.

आई आता नाही. गुडगावच्या एका नव्या रुग्णालयात मी परिचारिकांना हात धुण्याचे प्रशिक्षण देते. ओल्या हातांवरून जंतू अधिक सहज पसरतात, हात कोरडे केल्याखेरीज कुणालाही स्पर्श करू नका, असे बजावते. ते शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक आहे.

त्या संध्याकाळी माझ्या कुडत्याच्या पाठीवर दोन पंजे उमटले होते. ते लवकर वाळू नयेत म्हणून मी कितीतरी वेळ पंख्यापासून दूर बसले होते.