गिटारवाला गेल्यानंतरचे पाच अल्बम

आमच्या लाडक्या बँडचा पहिला गिटारवाला भांडून बाहेर पडला त्या दिवशी बँड संपला, असं मी कॉलेजात जाहीर केलं आणि पुढची पंचवीस वर्षं त्यालाच चिकटून राहिलो. नंतरचे पाच अल्बम मी ऐकलेच नाहीत. ते भिकार आहेत हे मात्र भेटेल त्याला पटवून दिलं.

बायकोचं उलटं. तिला हा बँड सापडला तोच मुळी या पाच अल्बममधून. ती एखादं गाणं लावून कणीक मळायला घ्यायची आणि मी समजावायचो की हे खरं नव्हे, खरं ते आधीचं. गाडीत ऐकायला जुन्या गाण्यांची यादीही करून दिली. तिनं ती निमूट ऐकली. मला वाटलं, बाई शिकली.

ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगलाला वेगळी राहायला गेली त्याला आता दोन वर्षं होतील. घटस्फोटाचे कागद झाले, भांडी वाटून झाली, पण गाण्यांच्या ॲपचं खातं दोघांत एकच होतं, ते तसंच राहिलं. एका रविवारी सकाळी हेब्बाळच्या फ्लॅटवर मी शर्टाला इस्त्री करत होतो. जुना अल्बम संपला आणि ॲपनं आपल्या मनानं पुढचं गाणं लावलं. कुणीतरी म्हातारा गात होता. वरच्या सुरापर्यंत आवाज पोचेना, तर त्यानं तो सूर सोडूनच दिला आणि तिथे पियानोची एकच पट्टी वाजली. कोण हा, म्हणून नाव पाहिलं तर आमचाच बँड. माझा चेहरा बघायला घरात कुणी नव्हतं, हे एक बरं झालं.

मग पाचही अल्बम ऐकून काढले. कुणी कधी नावाजली नाहीत अशी गाणी निघाली. एकात ड्रमवाला काठ्या बाजूला ठेवून नुसत्या हातांनी वाजवतो. एक दीड मिनिटाचं आहे, कुणाला तरी विमानतळावर सोडून रिकाम्या गाडीनं परतणाऱ्या माणसाचं. ते मी फ्लायओव्हरवर अडकलेलो असताना लागोपाठ तीनदा ऐकलं.

सांगायला कुणी नव्हतं. शेवटी शेजारच्या, निपाणीकडच्या अक्कांना पकडलं. एक गाणं पूर्ण ऐकून त्या म्हणाल्या, "बरं हाय की. पण आवाज स्वल्प कमी ठेवा, आमचे मालक जेवून आडवे झाल्यात."

मग तिलाच लिहिलं. अकरा गाणी, प्रत्येकापुढे दोन-दोन ओळी. लिहिताना मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू. सगळ्यात खाली लिहिलं, 'तुझंच बरोबर होतं. एकदा बसून ऐकू या?' गाणी हे निमित्त होतं. मला ती परत हवी होती, आणि हे तिला कळल्याशिवाय राहणार नाही हेही मला माहीत होतं.

संध्याकाळी उत्तर आलं. 'यादी छान केलीयस. पण मी ती गाणी ऐकायचं सोडलं रे. मी लावली की तू बेडरूमचं दार ओढून घ्यायचास. अजूनही आधी तेच ऐकू येतं.'

मी दार ओढून घ्यायचो, हे मला आठवतही नव्हतं.