काकांच्या पाइपावरचे डाग

जहाजी काकांना राग आला की हाताला लागेल ते समोरच्याच्या अंगावर जायचं. तांब्या, पाट, एकदा तर जिवंत कोंबडा. तरी आळी त्यांच्याच ओट्यावर बसायची, कारण राग उतरला की तेच जखमेवर हळद लावत आणि वर चहा पाजत.

सिद्धगडाच्या पायथ्याचा हा माणूस तरुणपणी मालवाहू जहाजावर गेला आणि टर्कीच्या बंदरातून एक पाइप घेऊन आला. मिअरशॉम नावाच्या पांढऱ्या, मऊ, हलक्या दगडाचा. ओढता ओढता तंबाखूचा रस दगडात मुरतो, पाइप आधी सायीसारखा पिवळट होतो, मग मधासारखा. तापलेल्या पाइपाला काका बोट लागू देत नसत, दांडीच धरत. "गरम हाय तवर हात लावू नको. डाग पडला का निघत नाय." काकीच्या पाठीवर मात्र त्यांचा हात डोकं गरम असतानाच पडायचा. काकी ते हसत सांगायची. मला ते हसू कधीच आवडलं नाही.

बांधावर एक ऐनाचं झाड होतं. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजतात, त्या राबासाठी काका आणि त्यांचा भाऊ त्याच्या फांद्या वाटून घेत. एका वर्षी धाकट्या नामाने न विचारता सगळ्याच तोडल्या. काका पेटता पाइप तोंडात घेऊनच बांधावर गेले. शब्दाने शब्द वाढला. काकांनी नामाच्याच हातातला कोयता हिसकावला आणि चालवला. नामाने हात आडवा घातला, त्याची दोन बोटं पाल्यात पडली. तेवढ्यात पाइप तोंडातून निसटला. काकांनी तो रक्ताळलेल्या मुठीत झेलला. भाऊ खाली कोसळत होता आणि या माणसाने पाइप सांभाळला. मला आजही त्याचीच चीड येते.

काका तुरुंगात असताना काकीने पितळेच्या भांड्यासारखा तो पाइप चिंच आणि राखेने घासला. मधाचा रंग गेला, चार बोटांचे डाग राहिले. सुटून आल्यावर काका दिवसभर पाइप ओढत बसत. सगळा काळा झाला की डाग झाकतील आणि मग नामाच्या दारात जाता येईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पाइप तपकिरी झाला तसे डागही गडद होत गेले. भावाच्या दारात ते कधी गेले नाहीत. कुणावर हातही पुन्हा उचलला नाही.

गेल्या वर्षी रस्त्यालगतची सामाईक जमीन विकायची निघाली आणि वाटणीवरून भांडण पेटलं. काकांचा मुलगा विलास कोयता घेऊन नामाच्या पोरांवर धावून जायला निघाला. काका उंबऱ्यात आडवे झाले. विलासने त्यांना लाथ घातली. त्यांनी पडल्या पडल्या पाइप पुढे केला. "हे तुझ्या चुलत्याचं रगत. जल्मभर धूर दिला, झाकलं नाय." विलास तिथेच थांबला.

थंडीत काका गेले. नामा आला, त्याने भावाच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं. काकीने पाइप त्याच्यापुढे धरला. तीन बोटांच्या हाताने त्याने तो फिरवून पाहिला आणि परत दिला.

"माझ्या घरात नको, वैनी. विलासच्या डोल्यासमोर ठेव."

काकीने विलासचा कोयता खुंटीवरून काढला आणि तिथे पाइप टांगला.