काचेवरच्या सह्या

घड्याळजींनी तीस वर्षं पत्रं लिहून लिहून अंतराळवीरांचे सहीचे फोटो जमवले होते. आज एकाच वीराचे दोन फोटो त्यांनी खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरले, तर सह्या तंतोतंत जुळल्या. माणसाच्या हातून सही दोनदा अशी हुबेहूब येत नाही. म्हणजे ती मशीननं ठोकलेली! मेल्यांनी चक्क तोंडाला पानं पुसली होती. मग संशयाचं भूत त्यांच्या मानगुटीवरच बसलं. संध्याकाळपर्यंत निम्मा अल्बम खोटा ठरला. शेवटी त्यांनी भांडून घर सोडलेल्या लेकीची, दर वाढदिवसाला न चुकता येणारी कार्डं काढली.

"ती नका लावू काचेला," बायको म्हणाली.

"का? याही सह्या मशीनच्या?"

"नाही हो. हाताच्याच आहेत," ती खाली बघत म्हणाली. "माझ्या."