वडिलांची एनओसी

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरुवात केली की मला मधे थांबता येत नाही. आणि तो चहा घ्या हो, गार होतोय! माझ्या हातून जे झालं ते ऐकून सासुरवाडीच्या लोकांनी दोन गणपती मला तोंड वर काढू दिलं नव्हतं.

मी तेव्हा मस्कतमध्ये. अल् खुवैरला आमच्या कंपनीचं ऑफिस, वेबसाइटी बनवणारं. बनवायचे इतर. मी कॉम्प्युटरवाला नव्हे, मी फाइलवाला. कुणाचा व्हिसा, कुणाचं रेसिडेंट कार्ड, कुणाची एनओसी, सगळे कागद मी तयार करायचो आणि आमचा एक ओमानी सहकारी ते मंत्रालयात घेऊन जायचा. अठरा वर्षांत माझा एक कागद परत आला नाही. एक! मालवणात माझ्या आईने गावभर सांगून ठेवलं होतं, "माझो झील थंयचा सरकार चालयता." म्हणजे तिथलं सरकार म्हणे तिचा मुलगाच चालवतो!

एनओसीचं तुम्हाला सांगायला हवं. तिकडे तेव्हा मालकाने 'या माणसाला सोडायला माझी हरकत नाही' असं लिहून दिल्याशिवाय दुसरी नोकरी धरता येत नसे. त्या एका कागदासाठी मोठमोठे इंजिनियर माझ्या टेबलापुढे हात जोडून उभे राहिलेले मी पाहिलेत.

तर एक दिवस अर्बाब, म्हणजे आमचे ओमानी मालक, एका प्रदर्शनातून काम घेऊन आले. युरोपातल्या कुठल्याशा संस्थेला तरुण मुलामुलींसाठी वेबसाइट हवी होती. मुलांनी तिथे यायचं आणि आपले प्रश्न मांडायचे. नोकरी मिळत नाही, घरी पटत नाही, एकटं वाटतं, असं सगळं. आणि अट काय, तर ही साइट मोठ्यांनी बनवून मुलांच्या गळ्यात मारायची नाही. तिकडच्या मुलांनी सांगायचं, आपण बांधायची.

अर्बाबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम संभालो. तुमारा कागज कभी वापस नहीं आता."

"पण अर्बाब, मी वेबसाइट..."

"डॉमनिक बनाएगा. तुम देखेगा. काम हुआ तो तुमारा विज़ा रिन्यू, इन्शाल्ला. नहीं हुआ तो..." आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

त्या वर्षी तेलाचे भाव पडले होते. प्रत्येक ऑफिसातून माणसं घरी जात होती. माझा व्हिसा संपणार जानेवारीत आणि माझ्या मुलीची, सईची, दहावी मार्चमध्ये. व्हिसा गेला तर तिघांनी निघायचं. पोरीला परीक्षेच्या तोंडावर अल् घुब्राच्या शाळेतून उचलून गावी न्यायचं. मस्कतला जन्मलेली पोर ती, मराठी बोलताना दर चौथ्या शब्दाला अडखळणारी. मला झोप येईना. बायको मीठ घालायला विसरायला लागली आणि मी न बोलता जेवायला लागलो.

दर रविवारी दुपारी मीटिंग. आमचा कामाचा दिवस, त्यांचा सुट्टीचा. मोठ्या पडद्यावर सहा मुलं दिसायची, सहा देशांतली. त्यांची म्होरकी क्लारा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी. केस इतके बारीक कापलेले, की मला पहिल्यांदा वाटलं नुकती आजारातून उठलीय. पण बोलणं? स्वच्छ! कुठले विषय हवेत, कुठला रंग नको, कुठलं बटण कुठे, सगळं तीच सांगायची, आणि वसईचा आमचा डॉमनिक मुकाट्याने तसं करायचा.

एकदा क्लारा म्हणाली, "दुसरीकडे लोक खोट्या नावाने येतात आणि मुलांना छळतात. इथे आम्हाला सुरक्षित वाटलं पाहिजे."

माझी कळी खुलली. अहो, हे तर माझं खातं! मी डॉमनिकला म्हटलं, "नाव नोंदवायचा फॉर्म मी करतो. मुलांना कशाला त्रास?"

"त्यांना दाखवायचा नाही काय?" डॉमनिक म्हणाला.

"अरे, फॉर्मात काय दाखवायचं? फॉर्म तो फॉर्म."

लक्षात घ्या हं, अख्खी साइट त्या मुलांना विचारून झाली. आत शिरायचा दरवाजा तेवढा मी एकट्याने केला.

मी तब्येतीत बसलो. पूर्ण नाव. वडिलांचं पूर्ण नाव. आजोबांचं नाव. धर्म. विवाहित की अविवाहित. रक्तगट. पासपोर्टची प्रत. मग क्लारा पुढच्या रविवारी म्हणाली, "मोठी माणसं आम्हाला गंभीरपणे घेत नाहीत." मला वाईट वाटलं आणि मी शिक्क्यासाठी एक चौकोन वाढवला. त्याच्या पुढच्या रविवारी एक पोरगा म्हणाला, "घरच्यांना आमचं काही कळतच नाही, हीच अडचण होते." झालं! मला मार्ग दिसला. सगळ्यात खाली, लाल ताऱ्यासह: वडिलांची किंवा स्पॉन्सरची एनओसी, सहीनिशी.

तो मुलगा म्हणत होता की घरच्यांना आम्ही समजत नाही. मी त्यावर घरच्यांची सही मागितली. आज सांगताना माझं मलाच कानकोंडं वाटतं, पण तेव्हा मी तो फॉर्म डॉमनिककडे देऊन स्वतःच्या हाताने कडक चहा करून प्यायलो, आणि घरी बायकोला नि सईलाही ती साइट कौतुकाने उघडून दाखवली.

मग चाचणीचा आठवडा आला. सहा मुलांनी आपापल्या मित्रांना बोलवायचं, निदान पन्नासांनी नाव नोंदवायचं, आणि रविवारी संस्थेच्या बाई काम पुढे न्यायचं की नाही ते सांगणार. त्या रविवारी अर्बाब स्वतः बसणार होते.

सोमवारी आकडा शून्य. मंगळवारी शून्य. बुधवारी सकाळी मी डॉमनिकच्या खांद्यावरून पाहिलं.

"एक!" मी ओरडलो. "आला, आला! बघ, कागदपत्रं पूर्ण आहेत ना?"

"सगळी पूर्ण आहेत," डॉमनिक म्हणाला. तपासणी त्याच्याकडे होती. तो माझ्याकडे काहीतरी विचित्र बघत होता, पण मी आनंदात होतो.

"पाहिलंस? ज्याला यायचं तो येतो. बाकीचे आळशी."

आणि मी सगळ्यांना कडक स्मरणपत्र धाडलं. मुदतीत कागद सादर न केल्यास अर्ज रद्द समजण्यात येईल, वगैरे. त्यावर मुलांची उत्तरं यायला लागली. एकाने विचारलं, "स्पॉन्सर म्हणजे कोण?" मी लिहिलं, "जो तुला पोसतो तो." एकीने लिहिलं, "बाबा वेगळे राहतात, पत्ता माहीत नाही." मी लिहिलं, "आईचं प्रतिज्ञापत्र चालेल, दूतावासाचा शिक्का हवा." मला काही गैर वाटलं नाही हो! अठरा वर्षं मी हीच उत्तरं दिली होती आणि लोक 'थँक्यू सर' म्हणून गेले होते.

गुरुवारी क्लाराची दोन ओळींची मेल. 'माझे वडील वारले. मी कुणाची सही आणू?'

मी लिहिलं, 'कृपया मृत्यूचा दाखला जोडावा. भाषांतर साक्षांकित असावं.'

आणि धाडून दिलं.

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं बायकोला रंगवून सांगत होतो, युरोपातल्या पोरांना शिस्त कशी नाही म्हणून. सई पुस्तकात डोकं घालून बसली होती. बायकोने आमटीचा डाव खाली ठेवला.

"अहो, त्या पोरीला तुम्ही असं लिहिलंत?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

मी तोंड उघडलं. सांगायला गेलो आणि मला कुणाचं नावच सापडेना. मंत्रालयाचा नव्हता, संस्थेचा नव्हता, अर्बाबांचाही नव्हता. तो नियम माझा होता. त्या मुलीचा बारीक केसांचा चेहरा माझ्यासमोर आला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी ताटावरून उठलो. मी लगेच माफीची मेल लिहायला बसलो. चार वेळा लिहिली, चारही वेळा ती अर्जासारखी दिसायला लागली, म्हणून पुसली. म्हटलं, रविवारी तोंडाने सांगू.

रविवार आला. अर्बाब पांढऱ्याशुभ्र दिशदाशात, म्हणजे त्यांच्या त्या लांब झग्यात, माझ्या शेजारी. पडद्यावर सहा मुलं आणि संस्थेच्या बाई. कुणी हसत नव्हतं.

मी उभा राहिलो. मीटिंगमध्ये कुणी उभं राहत नाही, पण मी राहिलो. "क्लारा, मी तुला जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. मला माफ कर."

ती म्हणाली, "तो कागद आईच्या कपाटात आहे. तो मी तिच्याकडे मागणार नव्हते. पण तुम्ही बोललात ते बरं झालं."

मी खाली बसलो. अर्बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आमच्याच साइटवर आमच्यापैकी कुणी जाऊ शकलं नाही," क्लारा म्हणाली. "आठवड्यात एकच मुलगी आत आली. तिने लिहिलेलं मी वाचते."

आणि तिने वाचायला सुरुवात केली. 'मी सोळा वर्षांची आहे. माझा जन्म मस्कतचा. दर दोन वर्षांनी आमच्या घरी व्हिसाचे दिवस येतात. तेव्हा कोणी मोठ्याने बोलत नाही आणि आईच्या भाजीत मीठ नसतं. या वेळी व्हिसा झाला नाही तर मला परीक्षेच्या आधी अशा गावी जावं लागेल जिथली भाषा मला नीट येत नाही. बाबा सगळ्या जगाचे फॉर्म भरतात. मला काय वाटतं ते त्यांनी कधीच विचारलं नाही. मला उत्तर नको. मला फक्त कुठेतरी हे सांगायचं होतं.'

भाजीत मीठ नसतं! मस्कत? युरोपातल्या मुलांची साइट आणि मस्कत कुठून आलं? मी डॉमनिककडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि हळूच सांगितलं, "फॉर्मात सगळं विचारलंत तुम्ही. आजोबांचं नाव विचारलंत, रक्तगट विचारलात. युरोपात राहता काय, ते तेवढं विचारलं नाहीत."

"आणि एनओसी?"

"आहे ना. तुमच्या सहीची."

मी तसली कुठलीही सही केली नव्हती, हे तुम्हाला सांगायला नकोच.

अर्बाबांनी विचारलं, "ये किसका बच्ची है?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "माझी," मी म्हटलं.

मला वाटलं, खलास. काम गेलं, व्हिसा गेला, आणि पोरीचं दुःख सहा देशांत वाचून झालं. पण पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "ही साइट याच्यासाठीच हवी आहे. फॉर्म काढून टाका. ही मुलगी राहू दे." क्लारा म्हणाली, "आणि युरोपाची अट नंतरही घालू नका." मुलांनी तिथल्या तिथे नवा फॉर्म सांगितला. त्यात एकच प्रश्न होता, तुला काय म्हणून हाक मारू? खोट्या नावाने येऊन छळणाऱ्यांवर आम्हीच पाळीपाळीने लक्ष ठेवू, असं क्लारा म्हणाली.

काम टिकलं. अर्बाब मला केबिनमध्ये घेऊन गेले. मी उभाच.

"विज़ा रिन्यू करेगा," ते म्हणाले. मी डोळे पुसले, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी बोट वर केलं. "लेकिन पहले एनओसी लाओ."

"कुणाची अर्बाब? मालक तर तुम्ही."

"तुमारी बेटी का. यल्ला, चलो!"

ते हसत नव्हते. तुम्हाला वाटेल गंमत केली असेल. मलाही तसंच वाटलं, म्हणून दोन मिनिटं तिथेच थांबलो. त्यांनी दुसरी फाइल उघडली.

घरी गेलो. सई भूमितीचं काहीतरी करत होती. मी तिच्या टेबलापुढे उभा राहिलो, ते इंजिनियर माझ्यापुढे उभे राहायचे तसाच. रागावणार होतो सहीवरून, पण शब्द वेगळाच निघाला.

"सई, मला एक कागद हवाय."

तिला सगळं सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग लाल झाली. "बाबा, त्यांनी माझं सगळ्यांसमोर रीड केलं? अर्बाब पण होते?"

"होते."

"तुम्ही अँग्री आहात?"

"नाही गं. सही मात्र फार सुरेख केलीस."

तिने पेन खाली ठेवलं. "मी साइन करेन. पण फर्स्ट तुम्ही सांगा. तुम्हाला इथे राहायचं... राहायचंय का? खरं सांगा."

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची ओढली. राहायचंय म्हणालो, मग नाही म्हणालो, मग आईची आठवण येते म्हणालो आणि रडायलाच लागलो. मग मी तिला विचारलं, आणि ती बोलली, मोडक्यातोडक्या मराठीत, न थांबता. बायको दारात उभी राहून ऐकत होती. त्या घरात आम्ही तिघं इतकं कधीच बोललो नव्हतो.

शेवटी तिने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'माझे बाबा दोन वर्षं मस्कतला राहिले तर माझी हरकत नाही. पण माझ्याबद्दल काही ठरवताना त्यांनी मला विचारायला हवं.' खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. बायको पदराने डोळे टिपत होती.

मी तो कागद वाचला. पुन्हा वाचला. उलटा करून मागची बाजू पाहिली. आणि काय सांगू, तोंडातून निघून गेलं ते गेलंच:

"सई, तारीख टाकायची राहिली गं. असा कागद परत येईल."