चौकातले तीन टाके

आमच्या घरची शिलाई मशीन हाताची आहे. उजव्या बाजूला दांडा, तो फिरवला की सुई चालते. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने कापड सांभाळायचं. पोलक्याला, उशीच्या खोळीला तेवढं पुरतं. गोधडीला पुरत नाही. गोधडी जड, तिला दोन्ही हात लागतात. म्हणून बायको कापड धरून बसायची आणि दांडा माझ्याकडे. मी मिलमधून सुटून आलो, चहा झाला, की ती मशीन पाटासकट पुढे ओढायची आणि म्हणायची, "बसा जी."

"चला" म्हटलं की फिरवायचं, "थांबा" म्हटलं की थांबायचं. घरातलं बाकीचंही असंच चालायचं, पण ते जाऊ द्या.

एकदा रस्त्याने वरात चालली होती. मी पाहत राहिलो. ती थांबा म्हणाली ते ऐकूच आलं नाही, आणि सुई तिच्या बोटात गेली. ओरडली नाही ती. बोटावर हळद दाबली, चिंधी बांधली आणि म्हणाली, "वरात पाहून झाली असेल तर चला." त्या गोधडीवर हळदीचा डाग पडला तो शेवटपर्यंत होता.

मी जन्मभर गोंदियाला राईस मिलमध्ये पोती शिवली. शाळा चौथीपर्यंत, पण दाभण हातात असला की मी कोणाला ऐकत नव्हतो. दाभण म्हणजे वीतभर लांबीची जाड सुई, तिच्यात सुतळी ओवायची. तांदळाच्या पोत्याच्या तोंडाला लांब लांब टाके घालायचे आणि दोन्ही कोपऱ्यांना सुतळी गुंडाळून कान काढायचे, म्हणजे हमालाला धरायला बरं. मला वाटायचं शिवण ती शिवण, तिच्यात काय बाईची आणि गड्याची. एकदा तिची गोधडी उसवली तर मी दाभणाने शिवून दिली. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. मग बोलली ती एवढंच, की हा दाभण पुन्हा माझ्या गोधडीजवळ दिसला तर विहिरीत टाकीन. तेव्हापासून तो मी छपराच्या बांबूत खोचून ठेवला होता.

आमची एकच लेक. तिला कोहमाऱ्याला दिली. थंडीत लेकरं घेऊन माहेरी यायची. एकावर पांघरूण टाकलं की दुसरं उघडं पडायचं, मग ओढाओढ, रडारड. बायकोने ठरवलं की एकच मोठी गोधडी करायची, सगळे तिच्याखाली. मी म्हटलं, एवढी मोठी शिवशील कशी? ती म्हणाली, "अख्खी थोडीच घालून राहिली मी मशीनच्या बगलेत? चार तुकडे करू, मग जोडू."

मशीनची बगल म्हणजे सुईच्या उजवीकडची ती कमान. तिच्यात गुंडाळी मावली तरच शिवण पुढे सरकते. तर तिने चार तुकडे वेगवेगळे केले. प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी दोन बोटं जागा न शिवता सोडलेली. मी म्हटलं, कडा सुट्या काऊन ठेवल्या, विसरली का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे विचारलं नाही. जोडायला लागलो तेव्हा समजलं. आधी वरचं कापड वरच्याला शिवायचं, मग गोधडी पालथी करून खालचं कापड दुमडून त्यावर शिवायचं. सुटी जागा नसेल तर जोडणार कुठे? दोन तुकड्यांचा एक अर्धा झाला, उरलेल्या दोन तुकड्यांचा दुसरा अर्धा. मधली लांब शिवण तेवढी राहिली.

धानाची रोवणी चालली होती तेव्हा तिला ताप आला. चार दिवसांत गेली. त्याबद्दल मी जास्त सांगत नाही, सांगून काही होत नाही.

दिवाळीनंतर लेक आली. पेटी उघडली तर दोन्ही अर्धे नीट घडी करून वर ठेवलेले. लेक शहाणी आहे, आईवर गेली. म्हणाली, कडा दुमडून दोन गोधड्या करून टाकू, एक तुम्हाला, एक मी नेते. मोठी केली तर धुणार कोण, ओली झाली तर उचलणार कोण, आणि तुम्ही एकटे एवढ्या मोठ्या गोधडीचं करणार काय?

सगळं खरं होतं तिचं. मी पेटी बंद केली आणि बाहेर जाऊन बसलो.

थोड्या वेळाने ती आली. "बाबा, राग कायले आला?"

"राग नाही. तुझ्या आईने दोन नव्हत्या केल्या. एक केली होती. एक अर्धी तू नेली, एक अर्धी माझ्याजवळ राहिली, तर ती कोणाकडेच नाही राहत."

लेक वळली. आत गेली आणि मशीन पाटासकट ओढल्याचा आवाज आला.

आता दांडा कोण फिरवणार? मला वाटलं मीच, मला तेच येतं. पण लेकीला ती शिवण माहीत नव्हती, मी बाजूला बसून पाहिली होती. म्हणून ती दांड्यावर बसली आणि मी कापड धरलं. एक अर्धा गुंडाळून बगलेत घातला, दुसरा डावीकडे मांडीवर. लेक फिरवते ती अशी की गाडी सुटून राहिली. मी म्हटलं हळू. म्हटलं थांब. म्हटलं रस्त्यावर पाहू नको, इकडे पाह्य.

"बाबा, तुम्ही तर आईपेक्षा जास्त टोकता."

टोकणारच. मला इतकी वर्षं वाटायचं ती उगाच किरकिर करते. कापडाच्या बाजूला बसलो तेव्हा दिसलं की बोट आणि सुईमध्ये दोन दाण्यांचं अंतर असतं, आणि ते दुसऱ्याच्या हातात असतं.

वरची शिवण झाली. पालथी करून खालची घेतली. मधोमध, जिथे चारी तुकड्यांचे कोपरे एकत्र येतात, त्याला ती चौक म्हणायची. तिथे सगळी कापडं एकावर एक चढतात. तिथे दांडा अडला, लेकीने जोर दिला आणि सुई कट्कन मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. डबीत आता एकच राहिली होती, आणि चौकाच्या पलीकडची अर्धी शिवण बाकी होती. हाताच्या सुईने करून पाहिलं, ती वाकली.

मी उठलो आणि छपरातून दाभण काढला.

लेक म्हणाली, "आईने काय सांगितलं होतं?"

"विहिरीत टाकीन म्हणाली होती. विहीर आता बुजली."

सुतळी नाही वापरली, एवढं तिचं ऐकलं. चारपदरी दोरा ओवला आणि चौकात तीन टाके घातले, पोत्याला घालतो तसेच, दाताने ओढून. लेकीने चौक सोडून पुढे मशीन लावली आणि राहिलेल्या सुईवर शिवण शेवटाला नेली.

दुसऱ्या दिवशी ऊन दाखवायला तारेवर टाकली तर तार खाली आली. मग दोन खाटा जोडून तिच्यावर पसरली. शेजारची वहिनी आली, तिने बोट नेमकं चौकावर ठेवलं. "काऊन जी भाऊजी, पोतं शिवलं का हे?"

"हो. तांदूळ सांडू नये म्हणून."

ती हसली, मग पदर डोळ्याला लावून गेली.

लेक जाताना मी म्हटलं, घेऊन जा, लेकरांसाठीच केली आहे. ती नाही म्हणाली. एस.टी.त ही मावणार नाही, आम्हीच येऊ हिच्याखाली झोपायला, असं म्हणाली. पेटीतही मावत नाही ती. खाटेवर ठेवली आहे. मी एका कोपऱ्यात निजतो, बाकीची पडून राहते. लेकीचं म्हणणं खरंच होतं, एकट्या माणसाचं काम नाही ते.

दाभण पुन्हा छपरात नाही खोचला. तिच्या सुयांच्या डबीत तो मावत नाही, म्हणून मशीनच्या पेटीत, तिच्या कात्रीजवळ ठेवला आहे. ती असती तर आधी तो काढून फेकला असता, मग मला म्हणाली असती, बसा जी.